लाकडाचं पातं आणि भज्यांचा वास

आमच्या कुपवाडच्या घरात दार उघडलं की आधी लेथ मशीन लागायचं आणि मग माणसं. येणाऱ्यानं चपला काढायच्या, पोट आत घ्यायचं, मशीनच्या हँडलला कमर न लावता तिरकं व्हायचं आणि भिंतीला घासत पुढं सरकायचं, तेव्हा कुठं खुर्ची दिसायची. जाड्या पाहुण्यांना आम्ही मागच्या दारानं घ्यायचो. हे मशीन आण्णांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून उचललं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या एका कंपनीत टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडाचे नग फिरवत कातणारे. दिवसभर कंपनीच्या लेथवर उभं राहायचं आणि घरी येऊन स्वतःच्या लेथवर उभं राहायचं, हा त्यांचा आराम. माझी आई औंधची. तिनं त्या जागेवर सोफा ठरवला होता, वितीनं मोजून ठेवला होता. टेम्पोतून सोफ्याऐवजी हे काळं तेलकट धूड उतरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमच्या औंधात असलं काय दारात उतरवून घेत न्हाईत," आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. त्या दिवशी तिनं भाकरी थापल्या की बडवल्या, हे गल्लीला विचारा.

पण आई जागा वाया घालवणारी बाई नव्हे. थोड्याच दिवसांत मशीनखालच्या ट्रेमध्ये कांदे-बटाटे आले, वरच्या लांब पट्टीवर सांडगे वाळायला लागले आणि हँडलला ओला टॉवेल लटकला. आण्णा संध्याकाळी कामाला उभे राहिले की आधी कांदे काढा, मग सांडगे उचला, मग टॉवेल कुणाचा यावर भांडा, एवढं झाल्यावर मशीन चालू. चालू झालं की मोटरीचा घूंऽऽ, पट्ट्याचा सांधा फिरून आला की टप, परत टप. मांडणीतले पेले किणकिणायचे आणि आतनं आई ओरडायची, "आमटी हलायलीय!" आमटी खारट झाली तर मशीनमुळं, दूध उतू गेलं तर मशीनमुळं. एकदा भाकरी करपली तेव्हा मी म्हणाले, अगं पण आत्ता लाईट नाही, मशीन बंद आहे. तर उलथनं माझ्याच दिशेनं आलं.

माझं नाव उज्ज्वला, घरात उज्जी. त्या वेळी सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला माझं नाव होतं. नावच होतं, जीव सगळा या मशीनमध्ये. आण्णांच्या शेजारी उभं राहून मी सगळं शिकले होते. पट्टा कुठल्या पुलीवर टाकायचा, जॉब, म्हणजे कापायचा नग, कसा बांधायचा, हँडल कुठं हलकं फिरवायचं आणि कुठं थांबायचं. आण्णा शिकवायचेही मनापासून. पण त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमानं मी पेटायचे. "मी घरात नसताना मशीनला हात लावायचा न्हाई." का? तर नाही म्हणून. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की आमच्या भागात लाईट यायची ती बरोबर आण्णा कंपनीत असताना, आणि आण्णा घरी आले की तासाभरात जायची. म्हणजे लाईट असायची तेव्हा मशीनवर सांडगे, आणि माणूस असायचा तेव्हा अंधार. मी समोर बसून इतिहासाचं पुस्तक वाचायचं आणि त्या गप्प मशीनकडं बघायचं. राग राग यायचा मला. अजून येतो, खोटं कशाला सांगू.

अशात आण्णांना एक काम चालून आलं. द्राक्षबागेत औषध फवारायचे पंप बनवणारे एक शेठ होते. त्यांना पंपाच्या पायपावर बसवायची कडी हवी होती. कडं म्हणजे ॲल्युमिनियमची जाड बांगडीच. तिला एका बाजूला सरळ चीर पाडायची, मग बोल्ट आवळला की चीर मिटते आणि कडं पायपाला घट्ट बसतं. शेठ म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नमुन्याची टोपलीभर कडी आणून दाखवा, चीर सरळ असली तर कायमचं काम तुमचं, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय. कायमचं काम म्हणजे रोज मशीन चालवणं, आणि आण्णा तर रोज कंपनीत. मी लगेच मध्ये पडले. "नमुना मी कापते. जमला तर तुमी कंपनीत असताना मी एकटी मशीन चालवणार."

"बघू की," आण्णा म्हणाले.

"बघू न्हाई. व्हय म्हणा."

आण्णांनी आईकडं बघितलं. आई शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "व्हय म्हणा की. पण न्हाई जमलं तर ते धूड मागच्या पत्र्याच्या शेडात, आन वन्सं सांगत्यात त्या पोराला हिला दाखवायचं. मग रडायचं न्हाई." वन्सं म्हणजे माझी आत्ती, इस्लामपूरची. तिच्या पदराला कायम एखादं स्थळ बांधलेलं असायचं. मी म्हणाले, चालतंय. आण्णा म्हणाले, चालतंय. आणि त्यांनी कंपनीत आठवड्याची रजा टाकली.

चीर पाडणं मात्र दिसतं तसं नव्हतं. करवतीनं कापली तर चीर नागमोडी. चीर पाडायचं खास कटर असतं, पातळ गोल चकतीसारखं, पण ते लय महाग. आण्णांनी कुणाकडनं तरी एक जुनं मागून आणलं होतं ते पहिल्याच कड्यात अडकून टचकन मोडलं. आण्णा दोन तुकडे हातात धरून इतका वेळ उभे राहिले की आईनं त्यांना विचारलं, "चहा टाकू का?" एरवी ती मागूनही टाकायची नाही.

आमच्या शेजारी रशीदचाचा राहायचे, फर्निचरवाले. त्यांच्या अंगणात प्लायवूड कापायचं मशीन दिवसभर किंचाळायचं. त्याला तळहातापेक्षा थोडं मोठं गोल पातं असतं, त्याच्या प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा, म्हणजे लोखंडापेक्षाही कठीण धातूचा, छोटा तुकडा डकवलेला. हार्डवेअरच्या दुकानात ही पाती वेफरच्या पुड्यांच्या शेजारी टांगलेली असतात, इतकी स्वस्त. मला वाटलं, कार्बाइड तर आण्णांच्या हत्यारालाही असतं, त्यानं ते लोखंड सोलतात. मग या पात्यानं ॲल्युमिनियम का नाही कापायचं? मी चाचांकडनं दोन पाती मागून आणली आणि आण्णांसमोर ठेवली.

आण्णांनी ती अशी बघितली की मी जणू कुणाच्या तरी चपला ताटात ठेवल्या. "लाकडाचं पातं? माझ्या मशीनला?"

"लावून तर बघू."

"अगं, लोकं काय म्हणतील? टर्नर हाय मी. सुतार न्हाई!"

"लोकं कुठं बघाय लागल्यात? खिडकी लावू."

खिडकी लावू म्हटल्यावर तयार झाले. आमच्या घराण्यात अक्कल खिडकी लावल्यावरच चालते. पातं धरायला आण्णांनी एक छान दांडा करून दिला, तो मशीनच्या चकात, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, बांधला, पुढं कडं घट्ट आवळलं. पात्यावर एक बाण छापलेला असतो, कुठल्या बाजूला फिरायचं ते सांगणारा. मी म्हणाले, आण्णा, बाण उलटा झालाय. आण्णा म्हणाले, "तो बाण लाकडासाठी असतोय." मशीन चालू केलं. असा आवाज आला की गल्लीतली सगळी कुत्री एकदम बोलायला लागली. पातं कड्याला नुसतं घासत होतं, कापायचं नावच नाही. आण्णांनी मशीन बंद केलं, घाम पुसला, पातं उलटं लावलं आणि म्हणाले, "ह्या कंपनीचा बाण धातूलाबी चालतोय वाटतं." मी फक्त कडं परत आवळलं. त्यांना चिडवून मला परवडलं नसतं.

आता पातं कापायला लागलं, झकास कापायला लागलं, पण थोड्याच वेळात ॲल्युमिनियमचा कीस दातांना लोण्यासारखा चिकटायचा. त्याला वरून तेलकट काहीतरी सोडत राहावं लागतं. रॉकेल उत्तम, पण रॉकेल रेशनचं आणि स्टोव्ह आईचा. आईनं डबा कुलपात ठेवला. मग मला तिच्या तळणाचं उरलेलं तेल सापडलं. संक्रांतीपासूनची भजी, वडे, कुरडया, सगळ्यांची आठवण असलेलं लालसर तेल, एका मोठ्या डब्यात. ते मी ब्रशनं पात्यावर सोडलं. आहाहा! पातं सुतासारखं चालायला लागलं, चीर आरशासारखी, आणि गरम पात्यावरनं तेलाचा निळा धूर निघाला. आता त्या धुराला भज्यांचाच वास येणार, दुसरा कसला येणार? कांदाभजी, जराशी जास्त तळलेली. खिडकीच्या फटीतनं तो वास गल्लीत गेला.

हल्ली माझा भाचा मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. परदेशातले म्हातारे आपापल्या गॅरेजात हीच स्वस्तातली लाकडाची पाती लावून ॲल्युमिनियम कापतात आणि खाली जगभरची माणसं वा वा लिहितात. आम्हाला कुणी वा वा केलं नाही. आम्हाला गल्लीनं खुर्च्या आणून दिल्या.

झालं असं की आमच्याकडं ज्याच्या घरी मुलगी बघायला पावणं येतात त्याच्याकडं पुरेशा खुर्च्या कधीच नसतात, म्हणून शेजारपाजारचे न सांगताच देतात. आता गल्लीनं काय बघितलं? आण्णा कामाच्या दिवशी घरी. खिडकी बंद, दार लोटलेलं. नळावर उज्जी दिसत नाही. आणि भर दुपारी भज्यांचा वास. दुसरा अर्थच नव्हता. तासाभरात रशीदचाचांच्या घरच्या जैनबचाची दाराशी उभ्या, दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हळूच विचारतात, "कुठलं हायत गं पावणं?" मागनं एकीनं कपबशा आणल्या, एकीनं ट्रे, एकीनं स्वतःची मोरपंखी साडी. आईला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिनं दार पुढं ओढून घेतलं आणि सांगितलं, "न्हाई वो, कुणी न्हाई आलं." चाची हसल्या. असंच म्हणायचं असतं, ठरेपर्यंत. खुर्च्या ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत भज्यांचा वास. गल्लीला कळलं, कालचं स्थळ फिस्कटलं, आज दुसरं आलंय. त्या दिवशी पात्याचा एक दात निसटला आणि सटकन जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला. आण्णा पांढरे पडले. त्यांनी स्वतःचं स्कूटरचं हेल्मेट आणलं, माझ्या डोक्यावर घातलं, काच खाली केली, पट्टा हनुवटीखाली स्वतः आवळला आणि म्हणाले, "हे काढलंस तर मशीन बंद." ही त्यांची माया. बोलून दाखवता यायची नाही, आवळून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी परत वास. आता गल्ली माझ्यासाठी हळहळायला लागली. मी दुकानात गेले तर दुकानदारीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "मन लहान करू नको. तुझ्यात काय खोट हाय? त्यांचंच नशीब फुटकं." आईला नळावर तिघीजणी धीर देऊन गेल्या. आई घरी येऊन मला म्हणाली, "तीन ठिकाणी नापसंत झालीस तू. काम झालं का?" मी म्हणाले, अर्धी टोपली झाली. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, बघते तर हसून हसून खाली बसलेली.

ही बातमी इस्लामपूरला जायची राहते काय? आमच्या गल्लीतल्या एकीची बहीण आत्तीच्या घरामागं राहायची. शुक्रवारी दुपारी, नमुना द्यायच्या दिवशी, मी शेवटची कडी कापत होते. चार वाजता लाईट जाणार होती, पाच कडी बाकी होती. दार ढकलून आत्ती आत आली. ती रुंद बाई, पण रागानं अशी आली की मशीनला न लागता सरळ आत.

"दादा! सख्ख्या भणीला पत्ता न्हाई आन तीन-तीन स्थळं दाखवलीस व्हय रं?"

"कसली स्थळं?" आण्णा म्हणाले.

"मला खुळी समजतोस? भज्यांचा वास इस्लामपूरापतोर आलाय! मी वर्षभर पोरगं धरून ठेवलंय, साखर कारखान्यात हाय, निर्व्यसनी हाय, आन तू मला डावलून... ते काय न्हाई. पावणं रिक्षात बसवून आलीया मी. आणतीया आत."

आणि आणलेच. मुलगा, मुलाची आई, मुलाचे वडील. वडिलांना मागच्या दारानं घ्यावं लागलं. गल्लीच्या खुर्च्या होत्याच, तेवढं बरं झालं. आई माझ्या कानाशी, म्हणजे हेल्मेटशी, येऊन म्हणाली, "उज्जे, बंद कर. साडी नेस." मी म्हणाले, "चारला लाईट जाणार. आज कडी न्हाई गेली तर सगळं गेलं. तूच ठरवलंस." आई स्वतःच्या शब्दाची पक्की. ती आत पोहे करायला गेली. आत गेल्यावर तिला कळलं की घरात तेलाचा थेंब नाही, तळणाचं संपल्यावर मी गोडं तेलही वापरायला काढलेलं. भिंतीवरून वाटी पलीकडं गेली आणि जैनबचाचींनी फोडणीपुरतं तेल दिलं, वर विचारलं, "चौथं का गं?"

बाहेर बघण्याचा कार्यक्रम सुरू. मशीन चालू, धूर निघतोय, मी हेल्मेट घालून कडं कापतेय आणि समोर भिंतीला टेकून पावणं ओळीत बसलेत. मुलाच्या वडिलांनी लांब श्वास घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "कांदाभजी हायत जणू. सावकाश येऊ द्या, आमाला घाई न्हाई." मुलाच्या आईनं मान वाकडी करून माझ्या काचेत बघायचा प्रयत्न केला. काचेवर तेलाचे शिंतोडे. "मुलगी गोरी हाय का सावळी, कळंना झालंय की वो."

"गोरी हाय, गोरी हाय," आत्ती ओरडून म्हणाली, "आतनं गोरी हाय!"

"नाव काय बाळ तुझं?"

"पाच ऱ्हायली!" मी ओरडले. मला वाटलं, किती राहिली विचारतात.

मुलगा बिचारा गरीब होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गुडघ्यावर हात. गरम तेलाचा एक थेंब त्याच्या पँटवर उडाला तरी बोलला नाही, पुसून घेतला. मी त्याला आयुष्यात एकच वाक्य बोलले आहे. "पाय वर घ्या." त्यानं घेतले आणि शेवटपर्यंत तसाच बसला, खुर्चीत पाय वर घेऊन, हातात पोह्यांची बशी.

कडी कापत कापत दोनवर आली. आणि तेवढ्यात माझ्या हाताखाली पात्यानं गचका दिला, एक दात सुटला आणि मुलाच्या वडिलांच्या स्टीलच्या ताटलीवर टण्ण करून आपटला. त्यांनी घास तोंडातच थांबवला. "खडा हाय पोह्यात."

आई दारात येऊन उभी राहिली. "आमच्या पोह्यात खडा नसतोय."

"आवं, वाजला की आत्ता!"

पात्याचा सूर बदलला होता. टक, टक, टक. तसंच रेटलं असतं तर चीर फाटली असती, उरलेले दातही गेले असते. मी हँडल मागं घेतलं आणि आण्णांकडं बघितलं. घड्याळात चारला थोडंच कमी होतं. आत्ती एकदम उठली. "दादा, आता बास! पावणं बसल्यात. बंद कर ते मशीन, पोरगी बाहीर काढ. सगळ्यांसमोर माझी लाज घालवू नको."

आण्णांनी पावण्यांकडं बघितलं, आत्तीकडं बघितलं. त्यांनी आयुष्यात बहिणीचा शब्द मोडला नव्हता, तिला ते घाबरायचेच. त्यांचा हात स्विचवर गेला. आणि त्यांनी मशीन बंद केलं.

मला तेव्हा काय वाटलं ते आजही सांगता येतं. संपलं. मशीन पत्र्याच्या शेडात, सांडगे वाळत, आणि मी इस्लामपुरात. हेल्मेटच्या आत माझे डोळे भरून आले, आणि काच खाली होती म्हणून बरं. खोलीत एकदम शांतता झाली. मुलाच्या आईनं पदर सावरला, गोड हसली आणि परत सुरुवात केली, "हां, आता सांग बाळ, नाव काय तुझं?"

"वैनी," आण्णा तिला म्हणाले, "तो पाना द्या जरा. तुमच्या मागं हाय, खिडकीत."

"आं?"

"पाना, पाना. चालू मशीनवर पातं कसं बदलायचं?"

त्या बाईनं बावरून पाना दिला. आण्णांनी दात गेलेलं पातं काढलं, दुकानातनं आणून ठेवलेलं नवं चढवलं. बाण बघून चढवलं. नट आवळायला लागले. मुलाच्या आईला आता थोडा राग आला असावा. ती आत्तीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "मुलगी ठीक हाय वो. पण लग्नानंतर असलं काय आमच्यात चालायचं न्हाई हां."

"मग न्हाई जमायचं," आण्णा म्हणाले. मान वर न करता, नट आवळता आवळता. "तिला हे चालवायचं हाय. मी शब्द दिलाय तिला."

"दादा!" आत्ती किंचाळली. "पावणं बसल्यात!"

"बसू द्या की. खुर्च्या मजबूत हायत." आणि त्यांनी स्विच दाबला.

मी ती दोन कडी कापली. अशी कापली की मला ती आजही हाताला आठवतात. हँडल हळू, तेल थोडं थोडं, घाई नाही. शेवटचं कडं सुटून ट्रेमध्ये पडलं आणि त्यानंतर थोड्या वेळानं लाईट गेली. मी हेल्मेट काढलं. मुलाची आई म्हणाली, "अगंबाई, गोरी हाय की!" पण तोवर ते उठले होते. दारात मुलाच्या वडिलांनी मागं वळून एकदा आशेनं विचारलं, "भजी ऱ्हायलीच की वो?" आईनं खरं सांगून टाकलं, "ती मशीनमधी गेली, दाजी." त्यांना काय कळलं देव जाणे. आत्ती तीन महिने आमच्याशी बोलली नाही. मुलाचं पुढं चांगलं झालं, साताऱ्याची मुलगी मिळाली, दोघं खुशाल आहेत.

संध्याकाळी आण्णा आणि मी स्कूटरवरून टोपली घेऊन शेठकडं गेलो. शेठनं एक कडं पायपावर चढवलं, बोल्ट आवळला, हिसका देऊन बघितलं. दुसरं बघितलं. चिरेत डोळा लावून उजेड बघितला. मग नाकाशी धरलं आणि म्हणाले, "भज्यांचा वास येतोय का रं ह्याला?" आण्णा म्हणाले, "येतोय. तेवढं चालवून घ्या." शेठ म्हणाले, "वास जाईल, चीर सरळ हाय. कापली कुणी?"

आण्णा एरवी असल्या वेळी "आमच्याकडं होतंय" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिनं. माझी पोरगी. ह्यापुढंबी हीच कापणार." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेठच घाबरले, पाणी मागवायला लागले.

घरी आलो तर गल्ली दारात. जैनबचाची पुढं. "काय झालं? ठरलं का?"

"ठरलं," आण्णा म्हणाले. थकले होते, समजावून सांगायचं त्राण नव्हतं. "पोरगी हितंच ऱ्हाणार."

"या अल्ला! घरजावई गावला?" एकच कल्ला झाला. कुणीतरी साखर आणली, माझ्या तोंडात घातली, आईच्या घातली, आण्णांच्या घातली. आई तोंडात साखर घेऊन आण्णांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर सोफा येणार नाही हे कळल्याचं दुःख होतं, पण त्याच्यावर चढून दुसरंही काहीतरी होतं. ती माझ्याजवळ आली आणि माझ्या काळ्या हाताला धरून उभी राहिली. किती वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रजा संपली. आण्णा डबा घेऊन निघाले, मशीनपाशी थांबले, पट्टा दाबून बघितला, पात्याचा नट हातानं तपासला, हेल्मेट पुसून मशीनवर ठेवलं. दारापर्यंत गेले, परत आले. परत नट तपासला. "दुपारी लाईट आली की चालू कर," म्हणाले. "माझी वाट बघू नको." आणि मागं न बघता गेले. मला दिसलं ते कोपऱ्यावर थांबले होते, जरा वेळ.

दुपारी लाईट आली. मी ट्रेमधले कांदे काढले, पट्टीवरचे सांडगे उचलून आईकडं दिले, हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळला. खिडकी सताड उघडली. स्विचवर बोट ठेवलं, परत काढलं, आणि आण्णांनी नट दोनदा तपासला होता तरी मी तिसऱ्यांदा तपासला. मग स्विच दाबला. पातं फिरलं, कड्याला लागलं, तेलाचा धूर निघाला आणि खिडकीतनं बाहेर गेला. भिंतीपलीकडनं जैनबचाचींचा आवाज आला, "अगं उज्जे, आता कोण आलंय गं?"

"कुणी न्हाई, चाची!" मी ओरडले. "मीच हाय! एकटीच!"